टोपीवाला फळीवर पोचत नाही

अंजनाला त्या टोपीवाल्याचा राग आला तो पहिल्याच दिवशी, आणि पुढं तो वाढतच गेला.

टोपीवाला म्हणजे टीव्हीवरच्या गेममधला एक बुटका. डोक्यावर पिवळी टोपी, पाठीवर बोचकं, आणि उड्या मारत पुढं पळायचं एवढाच त्याचा धंदा. अंजनाचा भाऊ बाळा यानं तो गेम कॅम्प तीनच्या बाजारातून आणला तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, सुदामच्या, अंगठ्याचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. अंबरनाथच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली उजवा अंगठा सापडला होता. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, रोज रबराचा चेंडू दाबत राहा, अंगठा पहिल्यासारखा चालेल. सुदामनं दोन-तीन दिवस चेंडू दाबला आणि फळीवर ठेवून दिला.

"जयभीम दाजी," म्हणत बाळा आत आला आणि टीव्हीला वायरी जोडायला बसला. "चेंडू काय दाबत बसलाय म्हाताऱ्यासारखा? हे बटन दाबा. टाइमपासचा टाइमपास, व्यायामाचा व्यायाम."

झालं. रोगापेक्षा औषध भयंकर. सकाळचा चहा झाला की सुदाम रिमोट घेऊन बसायचा, तो जेवायला हाक मारेपर्यंत. अंजना शेजारी जीन्सच्या ढिगापुढं. कारखान्यातून शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कापून द्यायचं काम ती घरी करायची. डोळे धाग्यावर असले तरी कान उघडेच असतात, आणि त्या गेमला सूर होता एकच, तोच तोच, दळण दळल्यासारखा.

तिनं रिमोटला हातसुद्धा लावला नव्हता, पण कात्री चालवता चालवता तिला त्या गेमच्या सगळ्या खोडी पाठ झाल्या. आभाळ पिवळं आणि त्यातून येणारा कावळाही पिवळा, म्हणजे चोच डोक्यात बसल्यावरच कळायचं की कावळा आला. मेलेला खेकडा दोन पावलं मागं सरकलं की पुन्हा जिवंत. कितीही पुढं जा, तीन वेळा मेलं की पहिल्यापासून सुरू, आणि मध्ये लाइट गेली तर न मरताही पहिल्यापासून. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तिसऱ्या टप्प्यातला खंदक. त्याच्यावर एक फळी पुढं-मागं सरकायची. टोपीवाला पळत यायचा, सुदाम काठावर बटन दाबायचा, आणि टोपीवाला उडी मारायच्या ऐवजी सरळ पाय टाकून खाली जायचा. रोज. प्रत्येक वेळी. ज्या कुणी शहाण्यानं हे बनवलं, त्याला माणसानं जिंकावं असं वाटतच नसणार.

इतकंच असतं तर अंजनानं चालवून घेतलं असतं. पण टोपीवाला पडला की सुदाम टीव्हीकडं बघायचा नाही, आपल्या अंगठ्याकडं बघायचा.

"गेला गं हा हात," तो म्हणायचा. तिचं काळीज चरकायचं, आणि मागोमाग डोकं फिरायचं.

कारण कारखान्यातल्या साहेबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. तोवर सुदामची मशीन राखून ठेवू, नाही जमलं तर गेटवर वॉचमन म्हणून घेऊ. आता वॉचमनचं काम काही वाईट नव्हे. पण सुदामनं ऐन तरुणपण त्या मशीनवर घातलं होतं. पत्रा कुठं फाटेल, मशीनचा साचा, म्हणजे डाय, कधी उतरवावी, हे विचारायला इतर खात्यांतली माणसं त्याच्याकडं यायची. गल्लीत अंजना मान वर करून चालायची ती याच जोरावर. आणि आता त्यानं गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहायचे?

"डॉक्टर सांगतोय अंगठा चांगलाय," ती एकदा कडाडली. "बायको सांगतेय चांगलाय. आणि तुम्ही त्या बुटक्याचं ऐकताय?"

"डॉक्टरला काय माहीत मशीन?" सुदाम शांतपणे म्हणाला. "तिथं हात टायमावर बाहेर निघायला लागतो. मला इथं बटन टायमावर दाबता येईना. तिथं काय होईल?"

या बोलण्यात खोट काढायला तिला जागा सापडली नाही. म्हणून ती जास्तच चिडली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुदाम जबाब द्यायला अंबरनाथला गेला. काय सांगणार ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तो गेला, घर शांत झालं, आणि कोपऱ्यातल्या त्या गेमच्या डबड्याकडं बघून अंजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कात्री ठेवली, टीव्ही लावला आणि रिमोट हातात घेतला.

कावळे-खेकडे तिनं सहज चुकवले, पाठच होते ते. खंदक आला. फळी जवळ आली, तिनं काठावर बटन दाबलं. टोपीवाला खाली गेला. पुन्हा आली, पुन्हा खाली. तिचा अंगठा तर दिवसभर कात्री चालवणारा, धडधाकट. तिनं बटन दाबलेलं तिला चांगलं कळलं होतं.

तिनं वायरी ओढून काढल्या, सगळं पिशवीत कोंबलं आणि शेअर रिक्षा धरून कॅम्प तीन गाठलं. दुकानदार टेकचंद गल्ल्यामागं चहा पीत होता. पिशवी त्याच्यापुढं उलटी करत ती म्हणाली, "हे लावा आणि मला फळीवरून जाऊन दाखवा."

टेकचंदनं कॅसेटमध्ये फुंकर मारली, दुकानातल्या टीव्हीला सेट जोडला आणि सराईत हातानं खेळायला लागला. खंदक आला आणि टोपीवाला खाली गेला.

"इधर सब गिरते हैं, बहन," तो हसत म्हणाला. "कॉपी का माल है. दौडते टाइम बटन लेट पकडता है. दुसरी कॅसेट देतो ना, बदली करून."

"विकताना का नाही सांगितलं?"

"अरे, बच्चों का खिलौना है. इससे किसका घर चलनेवाला है?"

"माझं," अंजना म्हणाली, आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. माणूस घरी बसून स्वतःचा हात मेला म्हणतोय, कारण तुम्ही कुचकं बटन खपवलं. खोटा माल विकायचा तर त्यावर तसं लिहा, म्हणजे गरीब माणूस स्वतःला तरी दोष देणार नाही. शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं जमा झाली. टेकचंदचा चहा गार झाला. दुसरी कॅसेट तिनं घेतली नाही आणि तो सेटही परत उचलला नाही.

परतीच्या रिक्षात तिला हलकं वाटत होतं. सुदामनं आज मशीनला नकार दिला असला तरी हरकत नाही, उद्या दोघं मिळून साहेबांना भेटू. हात चांगलाय म्हटल्यावर साहेब कशाला नको म्हणतील?

ती पोचली तेव्हा सुदाम घरी आला होता. मांडीवर घडी घातलेला खाकी शर्ट होता.

"तुमचा अंगठा ठणठणीत आहे," ती दारातूनच म्हणाली. "मी पडले तिथंच. तो दुकानदारही पडला. बटनच उशिरा लागतं. खेळच कुचका आहे, तुम्ही नाही."

सुदामनं सरकून तिला आत यायला जागा केली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यापासून. बाळापण तिथंच पडला होता. मीच त्याला म्हटलं, ताईला सांगू नको."

अंजना आत आली. "मग महिनाभर हे काय सोंग चाललं होतं?"

"त्या मशीनचा आवाज आठवला तरी मला घाम फुटतो," सुदाम खाकी शर्टाची घडी चापत म्हणाला. "प्लास्टरमध्ये होतो तेव्हाच कळलं होतं, आता माझ्यानं तिथं हात घातला जाणार नाही. पण अंगठा चालत नाही म्हटलं की लोक हळहळतात. घाबरलो म्हटलं की हसतात."

"मी हसले असते?" तिचा आवाज चढला. "बोला ना. मी हसले असते?"

"तू नसतीस हसली," सुदाम म्हणाला. "तू डबा भरून दिला असतास आणि म्हणाली असतीस, जा."

टेकचंदला, बाळाला, ज्यानं तो गेम बनवला त्याला, सगळ्यांना द्यायला तिच्याकडं आज शिव्या होत्या. याच्यासाठी एकही नव्हती, कारण तो खरं बोलत होता. ती हेच म्हणाली असती, आणि वर त्याच्या चपला दाराकडं तोंड करून ठेवल्या असत्या.