लायलचा कोट

लायल पॅस्कोला माती देऊन बारा दिवस झाले, आणि व्हर्ना टलक त्याच्या घरी गेली ती त्याचा कोट मागायला.

गावच्या अग्निशमन दलात सगळे स्वयंसेवकच. कुणी गोठा सांभाळणारा, कुणी लाकूडतोड्या. त्यांचे कोट, हेल्मेटं, हातमोजे यांची देखभाल अकरा वर्षं व्हर्नाकडे होती. बाकीचे अधूनमधून तरी कोट तिच्याकडे टाकायचे; लायलचा मात्र तिच्या हाती कधी लागला नाही. रानातला वणवा असो की कुणाची पेटलेली शेड, काम संपलं की तो कोट पिकअपच्या सीटवर फेकायचा आणि घरी न्यायचा. काजळी बसून बसून मूळचा पिवळा रंग खांद्यांवरून केव्हाच गेला होता. "धुतलेला कोट घालून गेलो तर आग मला ओळखायची नाही," असं म्हणायचा, आणि सगळे खो खो हसायचे. व्हर्नाही हसायची.

मग त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. काजळीनंच झाला असं डॉक्टर छातीठोकपणे सांगेनात, आणि नाही असंही म्हणेनात. सव्वा वर्षात माणूस संपला.

त्याच्या बायकोनं, ग्लेनिसनं, दार उघडलं आणि तिला आत नेलं. कोट पलंगावर होता, उशीच्या जागी घडी घालून ठेवलेला.

"तो नाही मिळायचा," ग्लेनिस म्हणाली. "हेल्मेट ने, बूट ने."

"अगं, नेत नाही. धुऊन तुलाच देते. जळलेलं प्लास्टिक, रंग, काय काय मुरलंय त्यात. आणि तू त्यावर डोकं ठेवून झोपतेस?"

"झोपते. त्याचा वास येतो."

"तो धुराचा वास आहे, ग्लेनिस."

"एकतीस वर्षं तोच त्याचा वास होता!"

"आणि उद्या तुला काही झालं म्हणजे?"

"होऊ दे."

व्हर्ना पलंगाच्या कडेवर टेकली. जे बोलायला ती आली नव्हती, तेच तोंडून निघालं. "दरवर्षी तपासणीच्या कागदावर मी 'कोट स्वच्छ' लिहायचे. बघायचेसुद्धा नाही. लायलशी कोण वाद घालणार! आणि खाली माझी सही..."

ग्लेनिसनं कोटाची घडी सारखी केली.

"ठाऊक होतं मला. तोच सांगायचा, व्हर्ना सोडून देते म्हणून. आणि मी? मी तो कोट जेवणाच्या खुर्चीवर टाकू द्यायचे. मिरवायचे मी त्याला."

तिनं कोट उचलला. "इथंच धू. माझ्यासमोर."

मागच्या व्हरांड्यात दोघी रबरी मोजे घालून बसल्या. व्हर्नानं आतलं अस्तर सोडवून वेगळं केलं, कोमट पाण्यात साबण कालवला आणि मऊ ब्रशनं घासायला घेतलं. तीन पाणी डांबरासारखी काळी गेली. बाहीच्या टोकाला लाल दोऱ्याची वाकडीतिकडी शिवण निघाली.

"माझी आहे ती," ग्लेनिस म्हणाली.

असले कोट घरी शिवायचे नसतात; साधा दोरा आगीत टिकत नाही. एरवी व्हर्ना ओरडली असती. आज तिनं त्या टाक्यांवरून ब्रश हलकेच फिरवला.

सहावं पाणी निवळ आलं. उन्हानं कापड कमजोर होतं, म्हणून कोट सावलीत टांगला. वारा होता; संध्याकाळपर्यंत वाळला. ग्लेनिसनं त्यात तोंड खुपसलं आणि थोड्या वेळानं वर पाहिलं.

"नाहीये," ती म्हणाली. "नुसता साबण."

दफनाच्या दिवशी न रडलेली बाई मग मोठमोठ्यानं रडली. व्हर्नानं तिला धरलं.

रविवारी सरावाला सगळे जमले, तेव्हा व्हर्ना एकेका पिकअपचं दार उघडून सीटवरचे कोट गोळा करत निघाली.

"आली बघा झडती," कुणीतरी चिडवलं.

"आलीच," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. दलाचा म्हातारा कॅप्टन आपल्या गाडीकडे गेला आणि स्वतःचा कोट घेऊन आला. तिच्या हातात देताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.