सेंट उमलेपर्यंत

पहिली बायको वारलेल्या चष्मेवाल्याचं दुसरं लग्न होऊन महिना झाला होता आणि त्याची हॉस्टेलवर राहणारी लेक आज पहिल्यांदाच घरी येणार होती. नवी बायको सकाळपासून घर आवरत होती. ती औषधांच्या दुकानात कामाला, त्यामुळे अंगाला कायम गोळ्या-मलमांचा वास. आज तरी तो नको, म्हणून नवऱ्याने लग्नात दिलेली सेंटची बाटली तिने पहिल्यांदा उघडली आणि मनगटांवर, मानेवर सढळ हाताने लावलं.

आधी लिंबाच्या सालीसारखा झणझणीत वास आला. मग हळूहळू फुलं जागी झाली. स्वतःवरच खूश होत ती दार उघडायला गेली.

मुलगी आत आली, बॅग ठेवायला वाकली आणि तशीच थांबली. चेहरा पांढराफटक. तिने आपल्या खोलीत जाऊन कडी लावली.

"अहो, माझं काय चुकलं?"

चष्मेवाला कान खाजवू लागला. "तो वास... तिच्या आईचा आहे."

"काय?"

"अगं, दुकानातली मुलगी म्हणाली, कुठलं देऊ? मला आयुष्यात एकच बाटली ओळखता येते. तीच उचलली."

अख्ख्या गावाच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या माणसाला एवढं साधं दिसू नये! तिला त्याचा रागही आला आणि कीवही. पोरगी उद्याच हॉस्टेलवर परत गेली तर बाप-लेकीत आपली कायमची पाचर बसेल, या धास्तीने ती भांड्यांच्या साबणाने मनगटं खसाखसा घासू लागली. पण तो मेला वास ऐकेल तर शपथ! कातडी गरम झाली तशी फुलं आणखीच उमलली.

शेवटी तिने दार वाजवलं. मुलगी सुजल्या डोळ्यांनी समोर आली.

"धुतलंत का?"

"धुतलं गं, पण जातच नाहीये. मला खरंच माहीत नव्हतं."

"धुवायला नको होतं." मुलीने तिचा हात ओढून नाकाशी नेला. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "हा नाही. दारात अगदी आईच उभी होती. आता वेगळाच येतोय."

"आईचा कसा यायचा?"

"नंतर मऊ व्हायचा. पावडरीसारखा. शाळेतून आले की मी तिच्या मानेत नाक खुपसायचे, तेव्हा तो यायचा." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

बाईचा जीव गलबलला. ती उठून बाटली घेऊन आली.

"सेंट ज्याच्या-त्याच्या कातडीवर वेगळं उमलतं. माझी परकी आहे गं. तू तिच्या पोटची. तुझ्या हातावर लावून बघ."

"आणि नाही आला तसा तर?"

"तर दोघी मिळून तुझ्या बाबांना शिव्या घालू."

मुलगी रडता रडता फिसकन हसली.

दोघी पलंगावर बसून राहिल्या. लिंबू गेलं, फुलं आली. मुलगी सारखी हुंगायला जाई आणि बाई तिचा हात खाली दाबी, "थांब जरा, नाक मरेल." बाहेर चष्मेवाला येरझाऱ्या घालत होता. त्याला आत घ्यायचं दोघींच्याही मनात नव्हतं. मुलगी आईबद्दल सांगत राहिली. ती शिट्टी झकास वाजवायची, गाडी भरधाव चालवायची आणि स्वयंपाकात हमखास काहीतरी करपवायची.

संध्याकाळ झाली. मुलीने मनगट नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. बराच वेळ ते उघडलेच नाहीत. बाईला वाटलं, आपण हिला उगाच आशा लावली की काय?

मग मुलीने हात तसाच पुढे केला, थेट बाईच्या नाकापाशी.

"ही बघा," ती म्हणाली, "माझी आई."

बाईने वाकून वास घेतला. मऊ, कोमट, नुकत्याच न्हालेल्या बाळाच्या अंगाला येतो तसा. मुलीच्या आईला ती कधी भेटली नव्हती. तिचं घर आणि तिची मुलगी सांभाळायला मात्र आली होती. तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"ताई," ती त्या वासालाच हळूच म्हणाली, "मी आलेय हं."