उलट बाजूनं पास

मोठ्या बाईंच्या हाताखालून गेल्याशिवाय त्या घरातून चिंधीसुद्धा बाहेर पडत नसे. चाळीस वर्षं त्यांनी पोरांचे कपडे शिवले. कपडा उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं आणि "पास" म्हणायचं. त्याआधी गिऱ्हाइकानं दारात डोकं आपटलं तरी कपडा मिळायचा नाही. शाळेत त्या दोनच इयत्ता गेल्या होत्या, पण त्यांच्या "पास"ला मास्तरांच्या सहीपेक्षा वजन आहे, असं सगळे म्हणायचे. म्हणजे त्याच म्हणायच्या, बाकीचे माना डोलवायचे.

आता शिलाईच्या दुकानात सुनेचं खेळण्यांचं दुकान आलं होतं. खेळणी खोक्यातून येत, खोक्यातून जात. "पास" म्हणायला काही उरलंच नव्हतं. सून विचारायची, "आई, बरंय ना हे?" पण विचारायची ते किमतीची चिठ्ठी डकवून झाल्यावर. मोठ्या बाईंना काय ते कळत नव्हतं?

अशात सुनेनं जिगसॉचा, तुकडे जोडून चित्र करायच्या खेळाचा, घाट घातला. चित्र तिनं स्वतः काढलं. बस हत्ती चालवतोय, कोंबडा तिकिटं फाडतोय, मागच्या बाकावर गाढव तोंड उघडं टाकून झोपलंय. एका कारखान्यातून ते जाड पुठ्ठ्यावर छापून, चोवीस तुकडे पाडून, पाचशे खोकी करून घ्यायची होती. मोठ्या बाईंना चित्र आवडलं. गाढव थेट त्यांच्या लेकावर गेलं होतं. पण आवडलं म्हणून बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

कारखानदार नमुना घेऊन आला. बोलायला गुळगुळीत माणूस. सून सहीचा कागद पुढं ओढत होती, तेवढ्यात तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "आई, एकदा बघता का?" बघू द्या की, कारखानदार हसत म्हणाला, आजींची तेवढीच करमणूक.

आजी आणि करमणूक, दोन्ही शब्द मोठ्या बाईंनी मनात गाठ मारून ठेवले. चष्मा लावला, तुकडे टेबलावर ओतले आणि एकेक करून सगळे पालथे घातले. चित्र खाली, करडा पुठ्ठा वर.

सून हळूच म्हणाली, चित्र वर ठेवायचं असतं.

"चित्र बघून कुणीही जोडेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "काम उलट बाजूनं बघावं."

कोपरे कोपऱ्यात, काठ काठाला, उरलेले मध्ये. लेकही बघायला येऊन उभा राहिला. पंधरा मिनिटांत चोवीसच्या चोवीस बसले. कुठं फट नाही, कुठं फुगवटा नाही. मोठ्या बाईंनी वरून बोट फिरवलं आणि किती वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला. "पास."

कारखानदारानं टोपण काढून पेन सुनेच्या हातात दिलं. लेकानं कौतुकानं वर एक पुठ्ठा धरला आणि सगळं अलगद उलटं केलं.

हत्तीच्या मानेवर कोंबड्याचा तुरा होता. गाढवाच्या पोटातून बसचं चाक बाहेर आलं होतं. कोंबड्याची तर तीन ठिकाणी वाटणी झाली होती. लेक पोट धरून हसला. कारखानदारानं तोंडाला रुमाल लावला. सुनेनं हसू गिळलं, ते जास्त लागलं.

मोठ्या बाईंच्या कानशिलांची आग झाली. चाळीस वर्षांत त्यांचा पास कधी परत आला नव्हता. आज आला, तोही कोंबडा घेऊन. त्या तुऱ्याकडं बघत राहिल्या. मग तो तुकडा उचलून त्यांनी चाकाच्या जागी दाबला. बसला. गाढवाच्या जागी दाबला. तिथंही बसला.

"जी बाही गळ्यालाही बसते आणि खिशालाही बसते," त्या सावकाश म्हणाल्या, "तिच्यात चूक शिवणारीची, का बेतणाऱ्याची?"

हसणं तिथल्या तिथं विरलं. सुनेनं पेन खाली ठेवलं आणि स्वतः दोन-चार तुकडे इकडचे तिकडे लावून पाहिले. सगळे सुखानं बसले. कारखानदार सांगू लागला, की कापायचा साचा लहान असतो, तोच सगळीकडं दाबला की काम झटपट होतं, आणि पोरांना काय कळतंय.

"चुकीचा तुकडा अडला तरच पोर बरोबरचा शोधेल ना," सून म्हणाली. "नवा साचा करा. त्याशिवाय सही नाही."

"माझा पास मी मागं घेते," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमची ती 'आजी' आणि 'करमणूक' तुम्ही परत न्या."

पंधरा दिवसांनी दुसरा नमुना आला. सहीचा कागद सुनेनं बाजूला सारला, तुकडे टेबलावर मांडले, सगळे आपल्या हातानं पालथे केले आणि मोठ्या बाईंपुढं खुर्ची ओढली.

मोठ्या बाईंनी एक तुकडा मुद्दाम भलत्या जागी लावला. दाबला. अंगठ्यानं रेटला. वरून मूठ मारली.

"बसत नाही मेला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा इतका खुलला की सुनेनं न विचारता सही केली.