कोर्झाची संमती

“आधी माप,” साव्वाती लुकिच म्हणाला. “मग तुला जे सांगायला पाठवलंय ते सांग.”

कापितोलिनाने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगा दाबायला सुरुवात केली. म्हाताऱ्याला कसे कळले हे विचारण्यात अर्थ नव्हता. गोठलेल्या दलदलीवरून सकाळी तालुक्याची जीप आली होती आणि बराच वेळ दवाखान्यासमोर उभी होती, हे अख्ख्या कोर्झाने खिडकीतून पाहिले होते.

“दाब बराय. मीठ कमी केलंत?”

“नाही. बोल तू.”

मग तिने सांगितले. तालुक्याचे अधिकारी वादिम अर्कादियेविच येऊन गेले. कोर्झा वस्ती बंद करायची आहे. प्रत्येक घराला शोमिनोत, म्हणजे तालुक्याच्या गावी, फ्लॅट मिळेल. पण कायद्याने सगळ्यांची संमती हवी. एकजण जरी नाही म्हणाला तरी काम अडणार. रविवारी क्लबात सभा आहे आणि बाकीचे सगळे तयार आहेत.

एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. दार लोटून घेत वादिम अर्कादियेविच म्हणाले होते की म्हातारा तुमचे ऐकतो, त्याला तेवढे पटवा. तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरचा चांगला फ्लॅट देऊ, नळाला गरम पाणी, आणि तालुक्याच्या इस्पितळात तुमची सोयही बघू.

साव्वाती लुकिचने बाही खाली केली, बटण लावले आणि चुलीवर किटली ठेवली.

“त्यांना सांग, मी विचार करतोय. चहा घेऊन जा.”

कापितोलिना येगोरोव्ना काही डॉक्टर नव्हती. नर्सिंगच्या शाळेतून शिकून ती कोर्झात परत आली तेव्हा इथे आठशे माणसे होती, शाळा होती, बेकरी होती. तालुक्याचे सगळे चांगले लाकूड कोर्झामार्गे जाई. अरुंद रुळांवरून तिचे वडील इंजिन चालवत आणि ओंडक्यांनी भरलेले डबे नदीपर्यंत नेत. पुढे जवळपासचे जंगल संपले, लाकूड कंपनीचे मालक बदलत गेले आणि शेवटच्याने रूळ उखडून भंगारात विकले. शोमिनोतली जवसाच्या धाग्याची गिरणी त्याच सुमारास बंद पडली. तालुक्यात आता एक दूध डेअरी, काही सरकारी कचेऱ्या आणि पेन्शनीवर जगणारी माणसे तेवढी उरली होती. कोर्झात तर तीस-चाळीसच. डिझेलवरची वीज संध्याकाळपुरती, पाणी विहिरीचे, आणि वसंतात बर्फ वितळले की महिना-दीड महिना बाहेरच्या जगाशी संबंध नाही. त्या काळात बाळंतपण, मोडलेला हात, दुखरी दाढ, सगळे कापितोलिनाच्याच दारात येई. गेल्या वसंतात फाइनाच्या नवऱ्याला, फ्योदोरला, छातीत कळ आली. वारा होता म्हणून हेलिकॉप्टर आले नाही. कापितोलिना दोन दिवस त्याच्या उशाशी बसून होती.

सभेला सगळे कोट-टोप्यांसकट बसले, कारण क्लबची भट्टी पेटवूनही हॉल तापत नव्हता. वादिम अर्कादियेविच तसा वाईट माणूस नव्हता. तुमच्या डिझेलवर आणि पावाच्या गाडीवर जो खर्च होतो त्यात शोमिनोतल्या शाळेचे छप्पर झाले असते, हे त्याने ओशाळतच सांगितले. मग त्याने हात वर करायला सांगितले.

हात वर झाले. साव्वाती लुकिचचा झाला नाही. मांडीवर टोपी होती, तिच्यावर त्याचे दोन्ही हात होते.

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. एकटा आहेस म्हणून सगळ्यांना बुडवतोस का, असे मागून कोणीतरी म्हणाले. फाइना रडू लागली. वादिम अर्कादियेविचने कापितोलिनाकडे पाहिले.

ती उठली. काय बोलायचे ते तिने घरून ठरवून आणले होते. वसंतातल्या चिखलाबद्दल ती बोलली, न आलेल्या हेलिकॉप्टरबद्दल बोलली, फाइनाच्या नवऱ्याचे नाव तिने घेतले. सगळे खरे होते.

“बस,” साव्वाती लुकिच म्हणाला. तो मोठ्याने बोलला नव्हता. “फ्योदोर कसा गेला ते मला माहितीय, शवपेटी मीच केली. आमच्या लोकांना दक्षिणेकडून मालगाडीच्या बंद डब्यात घालून इथं आणलं, तेव्हा मी आईच्या पोटात होतो. नदीकाठी उतरवलं, कुऱ्हाडी दिल्या, म्हणाले जंगल तोडा. कोणी विचारलं नाही. माझ्या दोन बहिणी त्याच हिवाळ्यात इथं पुरल्या. मग शाळा काढली तेव्हा विचारलं नाही, बंद केली तेव्हा नाही, रूळ उखडले तेव्हाही नाही. चौऱ्याऐंशी वर्षांत आज पहिल्यांदा कोणीतरी विचारतंय, साव्वाती, तुझं काय म्हणणं आहे. आणि तुम्ही म्हणता, लगेच हो म्हण.”

तो कापितोलिनाकडे वळला.

“दुसऱ्यांचं सांगू नकोस, कापा. तुझं सांग. तुला काय हवंय?”

तिला वाटले, वादिम अर्कादियेविचने काय कबूल केले ते सगळ्यांना कळले आहे. तिचा चेहरा तापला. खोटे सांगणे सोपे होते, आणि ते म्हाताऱ्याला चाललेही असते, कदाचित.

“मला जायचंय,” ती म्हणाली. “मी दमलेय, लुकिच. गुडघे जातात माझे बादली ओढताना. मला नळ सोडला की गरम पाणी हवंय. दुसरं काही नाही. मला तिकडे चांगला फ्लॅट देतायत, इस्पितळात काम देतायत, तुम्हाला पटवलं तर. म्हणून आले होते मी त्या दिवशी. चिखलाचं, फ्योदोरचं खरंय, पण माझं कारण ते नाही.”

फाइनाचे रडणे थांबले. वादिम अर्कादियेविच कागद चाळू लागला.

साव्वाती लुकिचने मान हलवली, जणू एखाद्या फळीची लांबी त्याच्या अंदाजाइतकीच निघाली होती.

“आता मला परत विचारा,” तो अधिकाऱ्याला म्हणाला.

“आजोबा, मतदान झालंय, मी परत...”

“विचारा की. नाव घेऊन विचारा.”

वादिम अर्कादियेविच उभा राहिला. “साव्वाती लुकिच, वस्ती बंद करायला तुमची संमती आहे का?”

म्हातारा उठला. त्याने घाई केली नाही. भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या कामगारांच्या फोटोंकडे त्याने एकदा पाहिले, मग खिडकीकडे.

“आहे,” तो म्हणाला आणि टोपी घालून घरी गेला.

पुढच्या हिवाळ्यात दलदल गोठली तशी माणसे हलली. कापितोलिनाला कबूल केलेला फ्लॅट मिळाला. पहिल्या संध्याकाळी तिने टब भरला, गुडघे बुडेपर्यंत पाण्यात बसली आणि गार झाल्यावर पुन्हा भरला. ते सुख खरे होते, आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही असे तिने ठरवले. इस्पितळात मात्र तिला सांगण्यात आले की तुमचे पेन्शनचे वय झाले आहे, जागा निघाली तर कळवू. सकाळी ती सवयीने लवकर उठे, केस विंचरून तयार होई आणि दार वाजण्याची वाट पाही. दार वाजत नसे. दवाखान्यात स्वतःसाठी रांगेत उभी राहिली तेव्हा खिडकीतल्या मुलीने तिचे नाव दोनदा चुकीचे घेतले.

जानेवारीतल्या एका दुपारी घंटा वाजली. दारात साव्वाती लुकिच उभा होता. त्याला पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर खोली मिळाली होती. अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट, हातात लोणच्यातल्या अळंब्यांची बरणी आणि पायात नुसते लोकरीचे मोजे.

“बूट कुठेत तुमचे?”

“खाली. दाराशी.”

घराच्या दाराशीच बूट काढायचे, दुसऱ्याच्या घरात बुटांनी वावरायचे नाही, एवढेच तो जाणत होता. आणि त्याच्या लेखी ही इमारत एवढी मोठी असली तरी एकच घर होती, तिला एकच दार होते. ज्या जिन्यावर सगळे चिखलाच्या बुटांनी चढत, तो सिमेंटचा गार जिना तो तिसऱ्या मजल्यापर्यंत मोज्यांवर चढून आला होता. इकडची पद्धत सांगायला तिने तोंड उघडले, पण मग म्हणाली, “या, चहा ठेवते.”

चहा होताना तो स्वयंपाकघरात उभा राहिला. “येतं का गरम पाणी?” त्याने विचारले. तिने नळ सोडला. त्याने धारेखाली बोटे धरली, पाणी तापेपर्यंत धरून ठेवली आणि मान हलवली.

“बरं केलंस,” तो म्हणाला.

त्यांनी अळंब्या खाल्ल्या. फाइना मुलीकडे गेल्याचे तिने सांगितले, तर त्याने सांगितले की इथे जिन्यात भेटलेला माणूस नमस्काराला उत्तर देत नाही. काळोख पडू लागला तसा तो उठला. कापितोलिना त्याला सोडायला खाली गेली. तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता आणि त्याच्या मोज्यांचा आवाज होत नव्हता.

खाली दाराशी वितळलेल्या बर्फाचे डबके साचले होते. बूट तिथे नव्हते. ती वाकून इकडेतिकडे शोधू लागली. मग तिला ते दिसले. पत्रपेट्यांखाली, भिंतीतल्या गरम नळ्यांशेजारी, कोणीतरी पुठ्ठ्याचा तुकडा अंथरून ते नीट जोडीने उभे करून ठेवले होते.

साव्वाती लुकिचने वाकून एका बुटात हात घातला आणि क्षणभर तो तसाच आत राहू दिला. मग तिच्या खांद्याला धरून त्याने आधी उजवा बूट चढवला, नंतर डावा.