बबिताच्या मागची सीट

उजवा हात प्लास्टरमध्ये अडकला होता, पण धम्मानंदचा ताठा शाबूत होता. झरीहून परभणीच्या मोठ्या बागेपर्यंत बायकोच्या स्कूटीवर मागं बसून जायचं? पारावरची माणसं काय म्हणतील!

बबिताला परभणीत शिवणकामाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. उद्यापासून जायचं, आणि तेही स्कूटीवर. "आधी बागेपर्यंत गाडी नेऊन दाखव, मग बघू," असं धम्मानंदनंच मोठ्या रुबाबात ठरवलं होतं. परीक्षा घ्यायची तर आपल्यालाही गाडीवर बसावं लागेल, हे मात्र साहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मी एस्टीनं येतो," तो म्हणाला.

"मग मी बसते," म्हणत त्याची माय, पंचफुलाबाई, पदर खोचून मागं बसलीसुद्धा. "चल गं बबिता, बाग बघू."

एस्टी खच्चून भरलेली होती, ती न थांबताच गेली. जीपवाला म्हणाला, दारात लटका. एका हातानं लटकणार कसं? शेवटी कोथिंबिरीच्या टेम्पोतून तो शहराच्या तोंडाशी पोचला आणि तिथून रिक्षानं बागेत. घामाघूम झाला होता आणि अंगाला कोथिंबिरीचा वास येत होता.

सासूसुना झाडाखाली निवांत शेंगा खात बसल्या होत्या.

"कशी चालवली गं माय?" त्यानं हळूच विचारलं.

"खड्डे कुठं गेले, कळलंच न्हाई. आता मी एस्टीनं जाते, पंच्याहत्तरी झाल्यापासून मला तिकीट लागत न्हाई. तू बस तिच्या मागं आन् सोताच बघ."

धम्मानंद बसला, अंग चोरून. ट्रक दिसला की बबिता वेग कमी करायची, उगाच कुणाच्या पुढं घुसायची नाही. घुसण्याच्या नादातच त्याचा हात मोडला होता. त्याला आधी लाज वाटली, मग चक्क अभिमान वाटला.

गावाजवळ येताच बबितानं गाडी थांबवली. "उतरा. पारावर माणसं असतील. तुमी मागून चालत या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

"उद्या कामावर जायचंय ना तुला?"

"तुमी म्हणाल तर."

"मग आजच बघू दे गावाला. चल."

पार आला तशा माना वळल्या. बबिता वेग वाढवायला लागली.

"हळू चालव," धम्मानंद म्हणाला, आणि डावा हात पुढं करून त्यानं हॉर्न दाबून धरला.