मी फुटलो ते बरं झालं

मी एक जुना ठोकळा आहे. खरं सांगायचं तर अर्धा ठोकळा. कासार आंबोलीला धोंडाबाईंच्या भातखाचराच्या बांधावर मी पडलेला असतो, आणि येणारा-जाणारा बिनदिक्कत माझ्यावर बसतो. बसा बापडे! पण मित्रांनो, बसलाच आहात तर माझं थोडं ऐकूनही घ्या.

माझं मूळ दगडाचं. महाळुंग्याच्या नव्या इमारतींत स्वयंपाकाचे चकचकीत ओटे बसवतात ना, तो दगड कारखान्यात पाणी सोडत कापतात. कापताना खाली जो राखाडी गाळ साचतो, तो मी. ओट्यावरून सगळे कौतुकाने हात फिरवतात, गाळाला कोण विचारतो? कारखान्याच्या माणसाने ‘थोडेच दिवस’ म्हणून तो धोंडाबाईंच्या रानाच्या कोपऱ्यात ओतला आणि पुन्हा तिकडे फिरकलाच नाही. गाळ वाळून घट्ट बसला. वारा सुटला की त्याची भुकटी भातावर जायची. आधी तो कोपरा गेला, मग शेजारचा तुकडा गेला. बाई रोज ढिगाकडे बघून शिव्या घालायच्या, आणि मला फार वाईट वाटायचं. मी तरी कुठे जाणार होतो?

धोंडाबाईंच्या खोलीत ऋतिका भाड्याने राहायची. लातूरकडची मुलगी, इंजिनिअरिंग शिकायला आलेली. तिने घमेलंभर भुकटी कॉलेजात नेली आणि थोडी वाळू कमी करून तिच्या जागी ती सिमेंटमध्ये कालवली. पहिले ठोकळे बिस्किटासारखे कुस्करले. तिने प्रमाण बदललं, पुन्हा बदललं, आणि शेवटी साच्यातून मी बाहेर पडलो. जांबे गावात फरसबंदीचे ब्लॉक करणारे जयसिंगराव तिला म्हणाले होते, ठोकळे टिकले तर सगळा ढीग उचलून नेतो. नाही टिकले, तर ढीग तिथेच राहणार.

म्हणून माझ्या परीक्षेच्या दिवशी धोंडाबाई हट्टाने कॉलेजात आल्या. मला यंत्रात ठेवलं आणि वरून भार वाढत गेला. मी दात-ओठ खाऊन सोसत होतो. शेवटी अंगावर चीर गेली आणि कडाडून माझे दोन तुकडे झाले. बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

“फुटलाच की गं पोरी. आता मरंस्तवर ती घाण माज्याच रानात ऱ्हायची.”

ऋतिका मात्र आकडा बघून हसत होती. “मावशी, फुटणारच होता तो. किती भार सोसून फुटला, ते बघायचं असतं. नेहमीच्या ठोकळ्याइतका सोसलाय यानं.”

बाईंना पटेना. कॉलेजातच शेजारच्या प्रयोगशाळेत निरंजन नावाचा मुलगा गाडीच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचा, तो आवाज ऐकून आला होता. त्याने समजावलं, की तोही दिवसभर त्या सॉफ्टवेअरला मुद्दाम चुकीचे संदेश देतो. जे बिघडायचं ते इथे बिघडावं, माणसं बसलेली असताना ताम्हिणी घाटात नको.

धोंडाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, “मंग आदी सांगायचं न्हाई व्हय? माजा जीव गेला की हितं.”

माझ्यामागून माझी भावंडंही तेवढीच टिकली. घरी जाताना बाईंनी माझा अर्धा तुकडा मागून घेतला.

जयसिंगरावांनी शब्द पाळला. ढीग गेला, पण खालची माती पांढरट आणि मेल्यासारखी झाली होती. पहिल्या वर्षी तिथे गवतसुद्धा आलं नाही. बाईंनी शेणखत घातलं, नांगरलं, पुन्हा घातलं. यंदा कुठे त्या कोपऱ्यात भाताची रोपं तगली आहेत, तीही विरळच. ते मला इथून रोज दिसतं.

मित्रांनो, तुमच्या घरी नवा ओटा बसेल तेव्हा त्यावरून खुशाल हात फिरवा. फक्त बसवणाऱ्याला एकदा विचारा, की याचा गाळ कुणाच्या रानात गेला.

परवा एक टिपर बांधाशी येऊन थांबला. मागे तोच राखाडी गाळ. थोडेच दिवस टाकतो, असं ड्रायव्हर म्हणाला. धोंडाबाई माझ्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. मला थोपटत त्यांनी जांब्याच्या दिशेला बोट केलं.

“तिकडं न्ये. तितं त्याला काम हाय.”