उलटी बाजू

शिंप्याच्या चार वर्षांच्या लेकीची बुद्धी मोजायला एक बाई घरी आल्या होत्या. त्याने जन्मभर छाती-कंबर मोजली. बुद्धी कशाने मोजतात, ते त्याला बघायचंच होतं.

बाईंनी चित्राचे तुकडे मांडले. पोरीने ते सगळे पालथे घातले आणि नुसत्या कडा बघून भराभर जुळवले. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांची नजर मशीनवरच्या सदऱ्याकडे गेली. शिंपी तो उलटा करूनच शिवत होता.

“अस्सं! रक्तातच आहे म्हणायचं,” म्हणत त्यांनी ‘वडिलांकडून आलेलं’ या रकान्यात खूण केली.

“दत्तक आहे ती.”

बाई ओशाळून खूण खोडू लागल्या.

“खोडता कशाला?” सुईत दोरा ओवत शिंपी म्हणाला. “माझ्याकडूनच आलंय ते.”